पन्नास रुपयांचा कायदा: प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीवरून चाललेला वाद आणि त्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शेतकरी घरातला आहे आणि गेली काही वर्षं जखमी जनावरांच्या कामात आहे. त्यामुळे या कायद्याबद्दल मला दोन्हीकडून प्रश्न येतात. शहरातले मित्र विचारतात, 'अजून पन्नासच रुपये दंड कसा?' आणि गावाकडचे विचारतात, 'आता बैलाला दावं लावलं तरी आत टाकणार का?' दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोघांनाही एकमेकांचा प्रश्न ऐकू येत नाही. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

हा वाद नक्की कोणत्या कायद्याचा आहे?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा. पाळीव, राबणारी, भटकी, पिंजऱ्यातली, सगळी जनावरं यात येतात. वन्यप्राण्यांसाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे. गोवंश हत्याबंदीचा राज्याचा कायदाही वेगळा आहे. लोक हे तिन्ही एकत्र करतात आणि चर्चेचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१९६० च्या या कायद्यात मोठी दुरुस्ती करण्याचा मसुदा केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने २१ नोव्हेंबर २०२२ ला लोकांपुढे ठेवला. त्या मसुद्याचा कायदा अजून झालेला नाही. वाद आहे तो त्याचा.

मूळ कायदा कोणी आणला?

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे तो आला. भरतनाट्यमच्या संदर्भात त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या आणि १९५३ साली त्यांनी खासगी विधेयक आणलं, हे फार कोणी सांगत नाही. त्याआधी इंग्रजांचा १८९० चा कायदा होता, आणि तो अगदीच तोकडा होता. पंडित नेहरूंनी त्यांना विधेयक मागे घ्यायला सांगितलं आणि सरकार स्वतः कायदा आणेल असा शब्द दिला. समिती बसली, अहवाल आला आणि १९६० साली कायदा झाला. त्यातूनच १९६२ साली भारतीय पशुकल्याण मंडळ उभं राहिलं. त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच होत्या.

एका बाईने एकटीने रेटलेल्या विषयाला सात वर्षं लागली, तीही सरकारचा विरोध नसताना. आजचा मसुदा का रखडलाय हे समजून घेताना एवढं ध्यानात असू द्या.

दंड खरंच पन्नास रुपये आहे का?

हो. कलम ११ मध्ये क्रूरतेची मोठी यादी आहे. मारहाण, पेलणार नाही इतकं ओझं लादणं, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं, हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, आखूड दोरीने तासन्‌तास बांधून ठेवणं, अन्नपाणी न देणं, मालकाने जनावर वाऱ्यावर सोडून देणं, असं बरंच. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा झाला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

१९६० साली पन्नास रुपये म्हणजे शेतमजुराच्या महिन्याभराच्या मजुरीहून जास्त रक्कम होती. तेव्हा कायदा करणाऱ्यांनी हलकी शिक्षा ठेवली असं म्हणता येणार नाही. पण रुपयाची किंमत घसरत गेली आणि कलमात आकडा गोठून राहिला. २०१६ साली चेन्नईत एका कुत्रीला गच्चीवरून खाली फेकल्याची चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा बहुतेकांना हा आकडा पहिल्यांदा कळला. 'नो मोअर फिफ्टी' नावाची मोहीम त्याच काळात जोर धरू लागली.

तक्रार द्यायला गेलो तर पोलीस 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून परत का पाठवतात?

कारण कायद्यातच तसं आहे. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. विषारी इंजेक्शनने किंवा तशाच क्रूर पद्धतीने मारणं, अवयव तोडणं, जनावरांच्या झुंजी लावणं, अशी मोजकीच कलमं दखलपात्र आहेत. बाकी ठिकाणी दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही.

एकदा आम्ही पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, आरीने मांडी फाडलेल्या बैलाची तक्रार घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. ठाणे अंमलदाराने फोटो नीट पाहिले, पाणी विचारलं आणि पुस्तक उघडून कलम दाखवलं. 'दादा, हा दंड वसूल करायला माझ्या माणसाच्या एसटीचं भाडं जास्त होईल.' तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात द्यायला आपण काही ठेवलेलंच नाही. बैल त्या दिवशी त्याच मालकाकडे परत गेला.

महाराष्ट्रात पोलीस कधीकधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११९ लावतात. तेही जुनंच, आणि शिक्षा तशीच नाममात्र.

२०२२ च्या मसुद्यात नवीन काय आहे?

मला महत्त्वाचे वाटतात ते बदल असे. एक, 'भीषण क्रूरता' असा वेगळा गुन्हा, म्हणजे ज्यातून जनावराला टोकाच्या वेदना होतात, कायमचं अपंगत्व येतं किंवा जीव जाऊ शकतो असं कृत्य. त्याला ५०,००० ते ७५,००० रुपये दंड किंवा जनावराची किंमत, यातली जी रक्कम जास्त असेल ती, किंवा एक ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही. दुसरा बदल म्हणजे जनावराला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिसरा, पोलिसांना थेट दखल घेता येईल अशी तरतूद. चौथा, जनावरांवरचे लैंगिक अत्याचार स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवणं.

पाचवा बदल ज्याला लोक 'पाच स्वातंत्र्यं' म्हणतात तो: भूक-तहान, त्रासदायक जागा, वेदना-आजार, भीती-ताण यांपासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. ही कल्पना सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लीकट्टू (तमिळनाडूतला बैल पकडण्याचा खेळ) निकालात आपल्या कायद्याच्या कलम ३ आणि ११ मध्ये वाचली होती. त्याच निकालात न्यायालयाने संसदेकडून शिक्षा वाढवण्याची अपेक्षाही व्यक्त केली होती. म्हणजे मसुदा आला तेव्हा त्या अपेक्षेलाही आठ वर्षं होऊन गेली होती.

शिवाय भटक्या जनावरांच्या काळजीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली आहे. या एका वाक्याकडे पुढे परत येऊ.

सगळेच पक्ष प्राण्यांवर प्रेम असल्याचं सांगतात, मग हा मसुदा अडला कुठे?

उघड विरोध करणारा पक्ष शोधायला गेलात तर सापडणार नाही. हा विषय मतांच्या हिशेबात अडकतो. आपल्याकडे जनावराचं राजकारण नेहमी कुठल्यातरी एका जनावरापाशी येऊन थांबतं. तमिळनाडूत बैल, कर्नाटकात कंबळ्याचा, म्हणजे चिखलातल्या शर्यतीचा, रेडा, उत्तरेत गाय, शहरात कुत्रा. प्रत्येक जनावरामागे एक मतदारसंघ उभा आहे. 'सगळ्या जनावरांची वेदना' या गोष्टीमागे कोणीही उभं नाही.

सरकारलाही जुने चटके आहेत. २३ मे २०१७ ला केंद्राने याच १९६० च्या कायद्याखाली पशुबाजारांचे नियम काढले आणि बाजारात कत्तलीसाठी गुरं विकायला बंदी घातली. केरळ, पश्चिम बंगाल, मेघालय पेटून उठले. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली आणि २०१८ मध्ये ती बंदी वगळून नव्या नियमांचा मसुदा आला. जून २०२३ मध्ये पशुधनाच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा आला. जिवंत जनावरं परदेशी पाठवण्यावरून गदारोळ झाला आणि दोन आठवड्यांच्या आत तो मागे घेतला गेला. जनावरांच्या कायद्याला हात लावला की कोणी ना कोणी रस्त्यावर येतं, हे दिल्लीत आता सगळ्यांना पाठ झालंय.

आणखी एक अडचण रचनेतली आहे. पशुकल्याण मंडळ पूर्वी पर्यावरण मंत्रालयाखाली होतं. २०१९ मध्ये ते पशुसंवर्धनाकडे गेलं. ज्या खात्याचं यश दूध, अंडी आणि मांसाच्या उत्पादनावर मोजलं जातं, त्याच खात्याकडे जनावरांच्या हालांचा कायदाही आहे. माणसं प्रामाणिक असली तरी हे ओढाताणीचंच काम.

शेतकरी संघटना दचकून का आहेत? त्यांना जनावरांचं काही वाटत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो विचारणाऱ्याने बहुधा पोळ्याच्या दिवशी कधी गोठा पाहिलेला नसतो. वर्षभर राबलेल्या बैलाच्या खांद्याला आदल्या संध्याकाळी हळद आणि लोणी लावून शेकतात. त्याला खांदेमळणी म्हणतात. माझी आजी त्या वेळी बैलाच्या कानात 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणायची. ज्यांच्या घरात हे चालतं त्यांना तुम्ही क्रूर म्हणालात तर पुढचं ते ऐकणार नाहीत.

पण भीतीचं खरं कारण पैशात आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची हत्या बंद होती. १९९५ ला विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही त्यात आले. म्हातारा बैल, भाकड गाय, जर्सीचं गोऱ्हं विकायची वाट बंद झाली. विकता येत नाही, आणि रोजचा चारा-पाणी परवडत नाही. मग रात्री कोणीतरी जनावर दूर नेऊन सोडतो. गुरं बाजारातून घरी नेतानाही टेम्पो अडवला जातो, पावती दाखवूनही मारहाण होते. या अनुभवातून गेलेल्या माणसाला 'प्राण्यांसाठी नवीन कायदा' एवढे शब्द ऐकले की पहिली आठवण त्या अडवलेल्या टेम्पोची येते. त्यात किमान दंड ५०,००० म्हटल्यावर तर संपलंच. दोन म्हशींच्या जिवावर चालणाऱ्या घराला ही रक्कम उभीच करता येत नाही.

म्हणून मला वाटतं की मसुद्यातला खरा दोष हा आहे: जनावर वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा १९६० पासून आहेच, पण ते पोसायला मदत कोण करणार याचं उत्तर तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पांजरपोळ आणि गोशाळा भरून वाहतात. शिक्षा वाढवायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सोडलेल्या जनावराची पोटापाण्याची सोय कायद्यात लिहिली नाही, तर त्या वाढीव दंडाचं ओझं सगळ्यात गरीब गोठ्यावर पडेल.

वेसण घालणं, खच्चीकरण, शिंग काढणं, हे गुन्हे होणार का?

सध्याच्या कायद्यातच कलम ११ च्या शेवटी अपवाद दिलेले आहेत: वेसण घालणं, खच्चीकरण, शिंग काढणं, डाग देणं हे ठरलेल्या पद्धतीने केलं तर गुन्हा नाही. भर 'ठरलेल्या पद्धतीने' या शब्दांवर आहे. दगडाने ठेचून केलेलं खच्चीकरण त्यात बसत नाही. पशुवैद्यकाकडून करून घेतलेलं बसतं. ज्या गावात दवाखान्यातलं पद रिकामं आहे तिथे काय करायचं, हे मात्र शेतकऱ्याने विचारलं तर त्याला दरडावू नका. तो योग्य प्रश्न विचारतोय.

बैलगाडा शर्यत बंद होणार का?

नाही. आणि याचा इतिहास जरा सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रात ही चर्चा याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

केंद्राने जुलै २०११ मध्ये, खेळ-प्रदर्शनासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लीकट्टूसोबत आपल्या शर्यतीही थांबल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सूट देण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने आठवड्याभरात ती रोखली. मग जानेवारी २०१७ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा समुद्र लोटला आणि तमिळनाडूने स्वतःची दुरुस्ती करून घेतली. महाराष्ट्राने त्याच वर्षी, त्याच वाटेने, आपली दुरुस्ती मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र बैलाचं शरीर शर्यतीसाठी घडलेलं नाही असं म्हणत शर्यतींना परवानगी दिली नाही.

पुढची चार वर्षं शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळच्या राजकारणात दुसरा विषयच नव्हता. निवडणुकीत उमेदवार घाटाची, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीची, शपथ घेऊन मतं मागत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात बंदी मोडून शर्यत भरवली गेली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यत संस्कृतीचा भाग आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवावं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

लक्षात घ्या, शर्यतीला परवानगी देणारा महाराष्ट्राचा तोच कायदा, जनावराला वेदना दिली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. माझे चुलते पक्के शौकीन. त्यांच्या खिल्लार खोंडाला घरातल्या पोरांआधी खुराक मिळायचा. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून घाटात बारी पाहिली आहे आणि 'भिर्रर्र' ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. पण माणसाने शेपटीला चावलेले बैलही मी पाहिले आहेत, आणि जुवाखाली लपवलेला विजेचा झटकाही. शौकिनांनी स्वतः अशा गाड्या बाद केल्या पाहिजेत. नियमात तसं आहेच, पण यात्रेच्या गर्दीत एकटा तलाठी किंवा हवालदार ते करू शकणार नाही.

विदर्भातल्या शंकरपटाला, म्हणजे तिथल्या बैलांच्या शर्यतीलाही, हाच कायदा लागू आहे.

गोव्यातल्या धिरयोचं काय?

बैलांच्या झुंजी, म्हणजे धिरयो, यांच्यावर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाने १९९६ पासून बंदी आहे. तरी सासष्टीच्या बाजूला त्या चोरून होतात आणि विधानसभेत वेळोवेळी त्या कायदेशीर करण्याची मागणी उठते. त्यातही पक्षभेद दिसत नाही. शर्यत आणि झुंज यात मी फरक करतो. जनावरांच्या झुंजी लावणं हा १९६० च्या कायद्यातला स्वतंत्र आणि दखलपात्र गुन्हा आहे.

कुर्बानी आणि नवसाच्या बळीवर मसुद्याचा काही परिणाम होईल का?

मूळ कायद्याचं कलम २८ सांगतं की एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीने प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. ते कोणत्याही एका धर्मासाठी लिहिलेलं नाही. हा वाद दर वर्षी ईदच्या आधी पेटवला जातो आणि यात्रेतल्या बोकडांच्या वेळी विझतो. एवढं खरं की जनावर बाजारातून घरापर्यंत कसं आणलं, पाय बांधून स्कूटरवर उलटं टाकलं की नाही, याला कलम २८ मध्ये कसलीही सूट नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याच कायद्यातून सुटेल का?

कुत्र्यांचं निर्बीजीकरण करून लस टोचून त्याच जागी परत सोडायचं, हे याच कायद्याखालच्या नियमांत आहे. आधी २००१ चे, आता २०२३ चे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला, मग २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची परत सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हटवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला.

आता मसुद्यातल्या त्या वाक्याकडे येऊ. भटक्या जनावरांची जबाबदारी स्थानिक संस्थेची. महापालिका एक वेळ निविदा काढेल. पण ग्रामपंचायतीकडे पशुवैद्यक नाही, शस्त्रक्रियेची खोली नाही, कुत्रं पकडायची गाडी नाही. कुत्रा चावलेलं पोर रेबीजच्या लशीसाठी तालुक्याला न्यावं लागतं. त्या आईला 'कुत्र्यालाही हक्क आहेत' हे मी सांगू शकत नाही, जोवर निर्बीजीकरणाची गाडी तिच्या गावात येत नाही. जबाबदारी लिहिताना त्यासोबत निधीही लिहावा लागतो. पैसा कुठून येणार हे त्या वाक्यात नाही.

सगळ्यात जास्त हाल कोणत्या जनावरांचे होतात, असं तुम्हाला वाटतं?

ज्यांच्याबद्दल कोणी मला प्रश्नच विचारत नाही त्यांचे.

ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर पहाटे उभे राहा. टायरगाडीवर मोळ्यांचा डोंगर, चढाला बैलाचे गुडघे टेकलेले, तोंडाला फेस. १९६५ चे ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही, आणि वजनाची मर्यादा. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन छापील पावतीवर येतं. म्हणजे गुन्ह्याचा पुरावा रोज हजारो कागदांवर नोंदला जातो आणि तरी खटला होत नाही.

पण पकडायचं कोणाला? गाडीवान बीडहून कुटुंब घेऊन आलेला, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर, टनाला मजुरी. खेप कमी भरली तर त्याचं पोट मारलं जातं. बैल आणि गाडीवान एकाच जुवाखाली आहेत. ५०,००० चा दंड त्या माणसावर बसवणं हा अन्याय होईल. मर्यादेबाहेरची गाडी काट्यावर घेणाऱ्यालाच जबाबदार धरा, एका हंगामात चित्र बदलेल. २०२२ च्या मसुद्यात ही कल्पना नाही. आणि हरकती मागवल्या त्या ७ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन गळिताच्या धामधुमीत, जेमतेम पंधरवडाभर.

तसंच अंड्यांच्या कोंबड्यांचं. पंख पसरता येणार नाहीत अशा तारेच्या पिंजऱ्यात त्या आयुष्य काढतात. पिंजऱ्यात हालचालीपुरती जागा हवी हे कलम ११ मध्ये १९६० पासून लिहिलंय. विधी आयोगाने २०१७ च्या आपल्या २६९ व्या अहवालात यावर नियमांची शिफारस केली. कोंबडीसाठी मोर्चा निघत नाही, म्हणून हा विषय कोणत्याही जाहीरनाम्यात नाही.

नांदणीच्या हत्तिणीचं प्रकरण याच कायद्यातलं होतं का?

मुख्यतः नाही. हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधल्या जामनगरच्या प्राणी संगोपन केंद्रात गेली आणि सगळा जिल्हा रस्त्यावर आला. त्या वेळी तिच्या पायांच्या अवस्थेवर बोलणारे आणि मठाच्या श्रद्धेवर बोलणारे एकमेकांचं ऐकायला तयार नव्हते. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या. लोक रडत होते ते खोटं नव्हतं, आणि साखळदंडात जाणाऱ्या हत्तीच्या आयुष्याचा प्रश्नही खोटा नव्हता.

भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांची शिक्षा आलीय ना? मग नवीन दुरुस्ती कशाला?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेचं कलम ३२५ प्राण्याला मारणं, विष देणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं. जुन्या दंडविधानात जनावराच्या किमतीवर, दहा रुपये की पन्नास रुपये, शिक्षा ठरायची. ती अट गेली हे चांगलं झालं. पण हे कलम 'आगळीक' या प्रकारात आहे, म्हणजे मुळात कोणाच्या तरी मालमत्तेचं नुकसान. मालक स्वतःच बैलाला उपाशी ठेवत असेल तर ते कलम कामाला येत नाही. तिथे फिरून कलम ११, आणि पन्नास रुपये.

शिवाय एक मोठं छिद्र पडलं आहे. जुन्या दंडविधानाचं कलम ३७७ नव्या संहितेत घेतलंच नाही. त्यासोबत जनावरावरच्या लैंगिक अत्याचाराचा स्वतंत्र गुन्हाही गेला. २०२२ चा मसुदा मंजूर झाला असता तर ही जागा भरली असती. निदान एवढ्या एका कलमासाठी तरी संसदेने वाट पाहू नये.

दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्र स्वतः दंड वाढवू शकतो का?

हो, शकतो. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, विषय आहे. राज्याने दुरुस्ती करायची आणि राष्ट्रपतींची संमती घ्यायची. शर्यतीसाठी आपण २०१७ मध्ये नेमकं हेच केलं, आणि सगळे पक्ष त्या वेळी एका बाकावर होते. घाटातल्या बैलासाठी जे विधिमंडळ एक झालं, त्याने चढावर गुडघे टेकलेल्या बैलासाठी एकदा एक होऊन दाखवावं, एवढंच माझं मागणं आहे. दंडाची रक्कम माणसाच्या ऐपतीप्रमाणे आणि धंद्याच्या आकाराप्रमाणे ठरवता येईल. आमदार गावात आले की हे विचारा. मी विचारतो.

कायदा बदलेपर्यंत, डोळ्यासमोर क्रूरता दिसली तर काय करू?

आधी जनावर, मग तक्रार. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा. तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ घ्या, पण मालकाशी हुज्जत घालू नका आणि टेम्पो स्वतः अडवू नका. पशुधन विकास अधिकाऱ्याकडून जखमांचा लेखी दाखला घ्या. खटला बहुतेक वेळा त्याच्या अभावी पडतो. जनावर मेलं किंवा अपंग झालं असेल तर पोलीस ठाण्यात संहितेचं कलम ३२५ नाव घेऊन सांगा. बाकी प्रकारांत एनसी झाली तर तिची प्रत मागून घ्या आणि ती घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करा. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती आणि जिल्हाधिकारी कार्यालयालाही अर्ज द्या आणि पोच घ्या. मुदत सांभाळा: १९६० च्या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, नंतर दार बंद. आणि दोषी ठरलेल्या मालकाकडून जनावर काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २९ खाली आहे. तो आपोआप वापरला जात नाही, त्यासाठी पुन्हा क्रूरता होण्याची शक्यता दाखवावी लागते. म्हणून आधीच्या तक्रारींच्या प्रतीही अर्जाला जोडा.